दगडात पाणी आधीपासून होतं

मटार बाजारात आला की माझं डोकं फिरतं. यात बिचाऱ्या मटाराचा काय दोष, असं कुणीही विचारील. काहीच दोष नाही. पण डिसेंबर उजाडला, नर्मदेकाठच्या आमच्या शहरात विजय नगरच्या रस्त्यावर हिरव्या शेंगांचे ढीग लागले, फाटकांपाशी उन्हात पराती घेऊन बायका सोलायला बसल्या, की माझ्या हातातल्या शेंगेबरोबर आतलंही काहीतरी फाटकन उघडतं. शेजारीण म्हणते, "दीदी, इस बार मटर बहुत मीठी है." मी म्हणते, हो, गोड आहे. आणि तोंड कडू होतं.

यंदा तर हद्दच झाली. माझी मुलगी प्रज्ञा सुटीत घरी आली होती. म्हणाली, "आई, चल ना बरगीला, तिथे ताजी मटर मिळते. तू गाडीत बस फक्त." गेलो. धरणाच्या रस्त्यावर चहाची एक जुनी टपरी आहे, तिथे थांबलो. भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी अजून ती चौकट होती. काचेआड वर्तमानपत्राचं कात्रण, पिवळं पडलेलं, कडा खाल्लेल्या. प्रज्ञानं सहज विचारलं, "भैया, ये क्या है?" टपरीवाला तरुण होता, त्यानं ती कथा बापाकडून ऐकलेली असणार. तो हसत हसत म्हणाला, "अरे दीदी, इधर आसमान से पत्थर गिरा था. बड़ा कीमती. गाँव वालों ने पानी चढ़ा-चढ़ा के गला दिया. पूजा कर डाली उसकी!"

मी चहाचा ग्लास इतक्या जोरात ठेवला, की फळीवर चहा सांडला. प्रज्ञा दचकली. तिला वाटलं, मला पोळलं.

पोळलंच होतं म्हणा. पण ते फार जुनं.

त्या हिवाळ्यात मी भूशास्त्राची विद्यार्थिनी होते. धरण भरून काही वर्षं झाली होती. पाणी हटलं की बुडालेल्या जमिनीचा काठ उघडा पडायचा आणि ज्यांची ती जमीन होती, तेच लोक तिथे येऊन ओल्या गाळात मटार, हरभरा टाकायचे. आपल्याच शेतात चोरासारखं यायचं, पाणी परत येण्याआधी पीक उचलायचं आणि निघायचं. अशाच एका दुपारी आकाशात गडगडाट झाला. ढग नव्हते. लख्ख ऊन होतं.

तो आवाज शहरापर्यंत आला. आमच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये बाबा जेवायला बसले होते. घास न थांबवता म्हणाले, "फायरिंग रेंजवर टेस्टिंग चालून राहिली असन." त्यांचा जन्म तोफगोळ्यांच्या कारखान्यात गेला, आवाज म्हटला की तो गोळ्याचाच. आणि तिकडे बरगीच्या काठावर लोकांना वाटलं, बांध फुटला. लेकरं काखेत मारून, शेळ्या ओढत सगळे टेकडीकडे पळत सुटले. कुणीही वर आकाशाकडे पाहिलं नाही. सगळे पाण्याकडे पाहत होते. ज्यांचं गाव पाण्यानं गिळलंय, त्यांना दुसरं काय सुचणार? हे मला नंतर कळलं तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

पाणी आलंच नाही, तेव्हा लोक खाली परतले. त्यांच्यातल्याच फुलवतीबाईच्या मटारात एक खड्डा पडला होता आणि खड्ड्यात कोळशासारखा काळा, नारळाएवढा दगड.

बातमी कळल्यावर आमच्या विभागाची जीप निघाली. पुढे सर, मागे मी. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. दीक्षितपुऱ्यातले, जुन्या मराठी घरातले. शहरात त्यांच्या शब्दाला वजन होतं. मराठी इतकं शुद्ध बोलायचे, की त्यांच्यासमोर मला माझ्या जिभेवरचं 'काहून' गिळावं लागायचं. प्रवेशाच्या दिवशी त्यांनी मला दोनच गोष्टी विचारल्या होत्या. आडनाव आणि मूळ गाव. मी सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा, म्हणजे तुम्ही..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. पुढचं बोलायची त्यांना गरज नव्हती. मला एका खान्यात टाकून ते मोकळे झाले होते.

फुलवतीबाईच्या झोपडीपुढे सर खाटेवर बसले. बूट गाळात भरू नयेत म्हणून पाय जरा वरच धरले होते. फुलवतीबाई समोर उभी होती, कमरेत खोचलेल्या पदरात मटाराच्या शेंगा तशाच. सरांनी विचारलं, "पूजा की इसकी?"

ती म्हणाली, "हओ साब, करी."

सरांनी मान डोलावली, वहीत काहीतरी खरडलं. झालं. तपास संपला! पूजा कशी केली, कशानं केली, हे विचारायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. खेड्यातल्या बाईनं दगडाची पूजा केली म्हणजे तांब्यानं पाणी ओतलं असणार, दूध ओतलं असणार, हे त्यांना जीपमध्ये बसायच्या आधीच ठाऊक होतं.

सर लघवीला म्हणून गेले तेव्हा मी तिला विचारलं, दगड ठेवलाय कुठे? ती मला आत घेऊन गेली. बियाण्याचा पत्र्याचा डबा उघडला. वाळलेल्या मटारात, कडुनिंबाच्या पाल्यावर तो दगड निजला होता. वर चिमूटभर कोरडा शेंदूर. बस. मी विचारलं, "पानी नहीं चढ़ाया?" तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी ती अजून विसरले नाही.

"पानी ने हमाओ गाँव लील लओ. अब भगवान खों भी पानी चढ़ाएँ?" मग नर्मदेला हात जोडून, समजूत घातल्यासारखी म्हणाली, "मैया तो मैया है, बाई. मनो बाँध को पानी मैया नईं है."

त्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, नव्यानं वसलेले लोक नव्या चौथऱ्यावरच्या देवाला पाणी घालत नसत. फूल वाहत, धान्य वाहत, शेंदूर लावत. पाण्याशी त्यांनी अबोला धरला होता. इतकी साधी गोष्ट. एका प्रश्नाच्या अंतरावर होती. पण सरांना तो प्रश्न पडला नाही. अशा माणसांना न पडलेल्या प्रश्नांची किंमत नेहमी दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.

परत येताना दगड माझ्या मांडीवर होता. जीपमध्ये त्याचा वास भरला होता, डांबरासारखा आणि भिजलेल्या काडेपेटीसारखा. मी तर वेडी झाले होते. असे काळे, कार्बनवाले दगड आकाशातून क्वचित पडतात. पृथ्वी व्हायच्या आधीची राखधूळ त्यांच्यात जशीच्या तशी गोठलेली असते. मी सरांना सांगितलं, "सर, तिनं पाणी घातलेलं नाही." सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते लोक असंच सांगतात."

ते लोक! मागच्या सीटवरून मला त्यांची फक्त नीट विंचरलेली मान दिसत होती.

आता दगड ओळखण्याची रीत सांगते, सोपी आहे. या काळ्या दगडांचे त्या काळी आम्हाला तीन खाने शिकवले होते. पहिल्या खान्यातले दगड म्हणजे नुसती काळी माती, पाण्यानं मुरलेली. दुसऱ्यात बारीक गोल दाणे आणि भोवती तशीच पाण्यानं बनलेली माती. तिसऱ्यात मोठे, टपोरे दाणे आणि भोवती कोरडी राख, मातीचा पत्ता नाही. दाणे पाहायचे, त्यांच्यामधला चुरा पाहायचा, लोखंड धातू म्हणून शिल्लक आहे की काळं चुंबकी खनिज झालंय ते पाहायचं आणि खाना सांगायचा.

आमचा दगड कुठल्याच खान्यात बसायला तयार नव्हता. त्याचे दाणे तिसऱ्या खान्यातले, मटारासारखे टपोरे. पण दाण्यांच्या मधे पापुद्र्यापापुद्र्याची माती होती, ती दुसऱ्या खान्यातली. धातूचं लोखंड जवळजवळ नाहीच, सगळीकडे चुंबकी काळे ठिपके. त्याचे सुटलेले तुकडे सूक्ष्मदर्शकात पाहताना मला इतका आनंद झाला, की शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मी उगाच चिमटा काढला. हा कुणीतरी वेगळाच होता. कुणाच्याही घरातला नव्हता आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं.

मला तो माझा वाटला, हे सांगायला आता कसली लाज? बाबा नोकरीला इथे आले, तेव्हा राज्यांच्या रेषा नुकत्याच बदलल्या होत्या. नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, आम्ही इकडे हिंदी मुलखात राहिलो. नागपूरला लग्नाला गेलो की मावश्या म्हणायच्या, "आली हिंदीवाली." इथे वर्गात मी 'मराठी'. आणि इथल्या जुन्या मराठी घरांच्या हळदीकुंकवाला आम्हाला बोलावणं नसायचं, कारण आमच्या घरात बुद्धाची मूर्ती होती. खाने बनवणारे लोक मी जन्मापासून पाहत आले होते. त्यांना दगडही सोडवत नाही, हे तेवढं त्या हिवाळ्यात कळलं.

सरांनी दगड कापायला काढला. आमच्याकडची करवत पाण्याच्या धारेखाली चालायची. इथला बेसाल्ट, भेडाघाटचा संगमरवर, सगळं तसंच कापलं जायचं. मी म्हटलं, "सर, हा पाण्यात कापू नका. यातले क्षार विरघळतील. कोरडा घासू, नाहीतर स्पिरिट वापरू." सर म्हणाले, "दगड कापायला मला शिकवू नका." धार सुरू झाली. खालच्या तबकात काळा चहा साचावा तसं पाणी साचत गेलं. एक कोपरा हातातच विरघळून चिखल झाला. कापलेल्या चकत्या वाळल्यावर त्यांच्यावर पांढरी बुरशी धरावी तसे क्षार फुलून आले.

त्या पांढऱ्या फुलोऱ्याकडे बोट दाखवून सर म्हणाले, "बघा. अभिषेकाचं पाणी."

माणसानं स्वतःच्या हातानं पाणी ओतावं आणि ओल्या हातानंच दुसऱ्याकडे बोट दाखवावं! मी तिथेच ओरडायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. ओरडले ना. "सर, हे आत्ताचं पाणी आहे, आपलं आहे!" असं सगळ्या प्रयोगशाळेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. बाकीचे आपापल्या सूक्ष्मदर्शकांत डोळे घालून बसले. सर हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

माझ्याकडे दगडाची एक ढलपी होती, करवतीआधीच सुटलेली, जळक्या सालीसकट. खाली पडता पडता हवेच्या घर्षणानं दगडाची बाहेरची साल वितळते आणि काळ्या काचेसारखी होते. ती ढलपी मी पाण्याचा थेंब न लावता, स्पिरिटनं हातानं घासली. बोटांची कातडी निघाली. कागदापेक्षा पातळ झाली तेव्हा काचेवर चिकटवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

दाण्यांच्या मधून मातीची एक फिकट शीर चालली होती. वळत वळत सालीकडे निघाली होती. आणि सालीपाशी पोचल्यावर ती जळाली होती. तव्यावर फुलका फुगावा तसे तिथे बुडबुडे आले होते आणि बुडबुड्यांपुढे नुसती काळी काच. शीर सालीत शिरलीच नव्हती.

याचा अर्थ एखाद्या पोरालाही कळेल. साल जळाली आकाशात, पडताना. शीर त्या सालीबरोबर जळाली, म्हणजे शीर तिच्याआधीची. ती माती, ते पाणी, दगड इथे पडायच्या आधीपासून त्याच्यात होतं. नर्मदेचं नाही, बांधाचं नाही, फुलवतीबाईच्या तांब्यातलं नाही. कुठल्यातरी हरवलेल्या जागेवर, सूर्य अजून तान्हा असताना, या दगडाला पाणी भेटलं होतं. शिवाय दोन-चार दिवसांच्या पाण्यानं गंज चढेल फार तर, असली पापुद्र्यांची माती होत नाही. तिला युगं लागतात.

मी धावत सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, एकदा बघा. एकदाच." सर लिहीत होते. त्यांचा हिशेब साधा होता. माती गाववाल्यांच्या पाण्यानं झाली असं म्हटलं की माती वजा करता येते. माती वजा केली की उरलेला दगड सुरळीत तिसऱ्या खान्यात जातो. एका बाईला अडाणी ठरवलं की झालं, सगळं जागच्या जागी बसतं! ते मान वर न करता म्हणाले, "तुम्हाला त्या लोकांचा कळवळा येणं स्वाभाविक आहे. पण विज्ञानात भावना आणू नयेत."

स्वाभाविक. हा शब्द मी आजही सहन करू शकत नाही. प्रवेशाच्या दिवशी सोडून दिलेलं वाक्य त्यांनी त्या दिवशी पूर्ण केलं होतं. मी पुरावा घेऊन गेले होते. त्यांनी पुराव्यात माझं आडनाव पाहिलं. आणि सूक्ष्मदर्शक दोन पावलांवर होता.

अहवाल गेला. माझ्या प्रबंधातून शिरेचं पान काढायला लावलं. वर्तमानपत्रात बातमी आली, अंधश्रद्धेपायी आकाशातला ठेवा पाण्यात गेला अशा थाटाची. त्यात टोल्याचं नाव होतं, फुलवतीबाईचंही होतं. सरांचा फोटो होता.

घरी मी रडले, संतापानं. बाबा म्हणाले, "काहून रडून राहिली? रडल्यानं त्या बाईचं नाव पुसलं जाईन का? जाय, तिले सांग तरी." मग दुसऱ्या दिवशी स्वतःच सायकल काढून मला बसस्टँडवर सोडायला आले. बस सुटताना खिडकीपाशी येऊन म्हणाले, "सरळ सांग तिले. घाबरू नको."

बरगीला गेले तर टपरीवर ते कात्रण काचेत बसलेलं. मास्तरनं टोल्यात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. पोरं फुलवतीबाईला 'पथरा-बिगाड़', दगड नासवणारी, म्हणत होती. तिच्या स्वतःच्या जावा म्हणत होत्या, सरकार आता या काठावर पेरू देणार नाही, हिच्यामुळे. ती मटार खुडत होती, थांबली नाही. खुडता खुडता विचारलं, "सई बताओ बाई. हमने बिगाड़ो का?"

मी म्हटलं, "नहीं. पानी पहले से था उसमें. मैंने देखा है, अपनी आँख से."

"लिख के दे दो."

लिहून दिलं. तिथेच, बांधावर बसून, सही करून. आम्ही दोघी टपरीवर गेलो. टपरीवाल्यानं माझा कागद उलटापालटा करून पाहिला आणि परत दिला. म्हणाला, "ये तो हाथ का लिखा है. वो छपा हुआ है." फुलवतीबाईनं काचेतल्या कात्रणाकडे पाहिलं, माझ्या कागदाकडे पाहिलं. धरणात जमीन गेली त्या वेळीही तिनं हेच ऐकलं असणार. कागद घडी करून मला परत दिला. "लिखो भओ नईं चलहै, बाई. छपो भओ चइये. छप जाए तो लइयो."

मी दारोदार फिरले. वर्तमानपत्र म्हणालं, विभागप्रमुखाची सही आणा. विभाग म्हणाला, सरांना विचारा. पुढे मी विषय बदलून नदीकाठच्या चुनखडकावर पदवी घेतली आणि शाळेत विज्ञान शिकवायला लागले. जगात पुढे आणखी खाने निघाले, आणि कुठल्याच खान्यात न बसणाऱ्या दगडांना 'बसत नाही' असं सरळ लिहायची सुबुद्धीही जगाला झाली. आमच्या विभागाच्या कपाटात मात्र तो दगड अजून तिसऱ्या खान्यात आहे. खाली चिठ्ठी आहे, पूजेच्या पाण्यानं दूषित. मी दर हिवाळ्यात जाऊन बघते आणि दर हिवाळ्यात कुणीतरी नवा माणूस मला सांगतो, "मैडम, लेबल हम नहीं बदल सकते."

यंदा टपरीवरून उठले आणि प्रज्ञाला म्हटलं, गाडी टोल्याकडे घे. तिला काही कळेना. "आई, तू इतकी गुस्सा काहून होऊन राहिली? जुनी बात आहे." मी म्हटलं, ज्याची फजिती झाली ना, त्याच्यासाठी ती जुनी होत नाही.

फुलवतीबाई उन्हात बसली होती. डोळे जवळपास गेलेले, पण हात परातीत मटार सोलत होते, अंदाजानं, एकही दाणा बाहेर न सांडता. मी तिच्याजवळ खाली बसले. माझं नाव सांगितलं. मला वाटलं होतं, आठवायला वेळ लागेल. तिचा अंगठा शेंगेत तसाच थांबला.

"छपो का, बाई?"

मी तिच्या परातीतली एक शेंग उचलली आणि सोलू लागले. प्रज्ञा माझ्यामागे उभी होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

म्हणून हे लिहिलंय. लेख कसा उतरलाय याची मला पर्वा नाही, तो छापला जावा एवढंच पाहिजे. छापून आला की ते पान घेऊन मी त्या टपरीवर जाणार आहे, काच आणि चौकट स्वतःची नेणार आहे आणि त्या कात्रणाच्या शेजारी ठोकणार आहे. टपरीवाल्याला मराठी येत नाही, टोल्यातही कुणाला येत नाही. तेव्हा शेवटच्या दोन ओळी त्यांच्यासाठी, त्यांच्या बोलीत. छापणाऱ्यानं कृपा करून या ओळी बदलू नयेत.

फुलवती बाई ने पथरा नईं बिगाड़ो.
पानी ओमें पैलें से हतो.